आवर्तन सुटतंय शुक्रवारी

कालव्याच्या तळातला गाळ पहिल्यांदा वाळतो, तेव्हा त्याच्या भेगा एकमेकींना काटकोनात मिळतात. पुन्हा पाणी आलं, पुन्हा वाळलं, असं पुष्कळदा झालं की भेगा कणाकणाने सरकतात आणि त्यांच्यातला कोन एकशेवीस अंशांकडे जातो. यशोधराने हे कुठेतरी वाचलं होतं. बुधवारी कॉलेजात शिकवून परतताना तिने बोरीच्या अलीकडच्या पुलाशी स्कूटर लावली आणि ती कोरड्या कालव्यात उतरली. पुलाच्या खांबामागे पाण्याचा जोर नसतो, तिथला गाळ वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. तिने पर्समधून कोनमापक काढला. एकशे बारा. शेजारचा एकशे सतरा. त्याच्या पलीकडचा एकशे एकोणीस.

ती उकिडवी बसून पाहत राहिली. इथे किती वेळा पाणी आलं आणि किती वेळा गेलं, याची नोंद कोणी ठेवली नव्हती. गाळाने ठेवली होती.

"मॅडम, खाली काय करताय? शुक्रवारी वाहून जाल!"

काठावर फावडं घेऊन गोरख उभा होता. त्याच्या मागे आणखी चौघं शेतात जाणारी चारी साफ करत होते. गवत, प्लॅस्टिक, मागच्या पाण्यातला पाचोळा.

"शुक्रवारी काय आहे?"

"पाणी सुटतंय न्हवं! पाटकरी तुमच्या घरात आन् तुमालाच ठाव न्हाई व्हय?" गोरखने खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला. "सगळ्या ग्रुपवर आलंय की."

निळसर चित्र होतं. धरणाच्या दाराचा फोटो. वर 'डावा कालवा'. मध्ये मोठ्या अक्षरांत 'आवर्तन'. खाली 'सुटतंय शुक्रवारी, सकाळी सहा वाजता'.

यशोधराने ते दोनदा वाचलं. वाचायची गरज नव्हती. मजकूर तिचाच होता. भावाच्या रेकॉर्ड लेबलचं नाव 'डावा कालवा रेकॉर्ड्स'; त्यातला 'रेकॉर्ड्स' तिनेच काढायला लावला होता, कारण ओळ मोडत होती. 'रिलीज' हा शब्द तिला नको होता; 'सुटतंय' बरं वाटलं. आणि 'आवर्तन' हे तर तिने लिहिलेल्या, तिने गायलेल्या गाण्याचं नाव. तालाचा एक पूर्ण फेरा म्हणजे आवर्तन. धरणातून पिकांसाठी सोडलेली पाण्याची एक पाळी म्हणजेही आवर्तन. तिला दोन्ही अर्थ हवे होते. वाचणाऱ्यांना एकच मिळाला होता.

"गोरखभाऊ," ती म्हणाली, "हे पाणी नाही. हे गाणं आहे."

गोरख आधी हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचा थांबला.

"सोपाननानांनी शनिवारी कांदा लावायला बारा बायका सांगितल्यात," तो म्हणाला. "आता त्यांना काय सांगू? गाणं आलंय म्हनू?"

*

यशोधराचे वडील कुंडलिक, कालव्याचं पाणी वाटणारे पाटकरी, तीनच्या सुमाराला घरी आले ते पायातले बूटही न काढता ओट्यावर बसले. जानकाबाईंनी पाणी आणून दिलं. नवरा तांब्या हातात धरून नुसता बसला, तेव्हाच त्यांना कळलं की काहीतरी बिनसलंय.

"हापिसातून फोन व्हता," कुंडलिक म्हणाले. "पाणी सोडायचं कुणी ठरवलं, विचारतेत. येडगावपासून खालपर्यंत चाऱ्या साफ करायला लागलेत लोक. म्हनले, तुमच्या हद्दीतनं उठलीय आवई, शोधा कोण हाय."

"मग तुमी काय सांगितलं?"

"शोधतो म्हनलं."

मागच्या खोलीतून गिटारचा तुकडा ऐकू येत होता, पुन्हा पुन्हा तोच. ती खोली पूर्वी कांद्याची होती. चार वर्षांपूर्वी पुण्याहून आवाजाचं शिक्षण घेऊन संघर्ष परत आला आणि म्हणाला, आई, मला जुन्या जाड गोधड्या दे. त्यांनी चौदा दिल्या. त्याने त्या चारी भिंतींना लावल्या, दार लावलं आणि आत टाळी वाजवून दाखवली. टाळी वाजली आणि तिथल्या तिथे संपली. जानकाबाईंना तेव्हा अंगावर शहारा आला होता. आपल्या हातचे टाके आवाज पिऊन टाकतात, हे त्यांना कधी माहीत नव्हतं.

त्या खोलीतून आतापर्यंत अकरा गाणी बाहेर गेली होती. मंचरच्या एका पोराचा बँड, घोडेगावची एक नर्स, मढचा बहिरू, जो दिवसा म्हशी सांभाळतो आणि गिटार अशी वाजवतो की ऐकणाऱ्याने हातातलं काम विसरावं. एका वेळी एकच गाणं. त्याची ना कॅसेट, ना तबकडी. ते ठरलेल्या दिवशी सुटतं आणि लोकांच्या फोनात पोचतं. एकदा संघर्षने त्यांना नकाशा दाखवला होता. पुणे, नाशिक, नागपूर इथे ठिपके होतेच. पण एक ठिपका पार वर, बर्फाच्या देशात होता.

"तिथं आपलं कोण हाय?" त्यांनी विचारलं होतं.

"कोणी नाही आई. कुणीतरी ऐकतंय, बास."

त्या ठिपक्याची त्यांना अजून कधीकधी आठवण यायची. भाकरी थापतानासुद्धा.

"तो फोटो आपल्या घरातून गेलाय, तुमाला ठाव हाय ना?" जानकाबाई आता हळूच म्हणाल्या.

"ठाव हाय. म्हनून तर शोधतो म्हनलं," कुंडलिक म्हणाले, आणि मग तांब्यातलं पाणी प्यायले.

*

यशोधरा आली तेव्हा घरातली सगळी ओट्यावर जमली होती. भागुजी आजोबा खुर्चीत, काठी गुडघ्यांमध्ये. वयाची ऐंशी झाली तरी त्यांची बसायची पद्धत अजून स्टेजवरच्या गायकाची होती, कणा ताठ, हनुवटी वर. 'भागुजी आणि पार्टी'ने पस्तीस वर्षं जयंतीचे कार्यक्रम गाजवले होते.

"चूक माझी आहे," यशोधरा उभ्याउभ्याच म्हणाली. "मजकूर मी लिहिला."

"लिहिलास ते लिहिलास," कुंडलिक म्हणाले. "आता काढून टाका. फोटो, गाणं, सगळं."

"फोटो काढलाय अण्णा, दुपारीच," संघर्ष म्हणाला. "खुलासा पण टाकलाय. पण गाणं कसं काढू? ते सगळीकडे पोचलंय, फक्त शुक्रवारची वाट बघतंय. आणि या वेळी एका मोठ्या यादीत घेतलंय आपल्याला. चार वर्षांत पहिल्यांदा. तारीख हलली की यादीतलं नाव गेलं."

"कसली यादी?"

"लोक ती लावून ठेवतात आणि एकामागून एक नवी गाणी ऐकतात. लाखो लोक."

"लाख लोक ऐकतील," कुंडलिक म्हणाले, "आन् हितं पन्नास लोक म्हनतील, पाटकऱ्याच्या पोरांनी पाण्याची चेष्टा केली. पस्तीस वरीस मी हे पाणी वाटलंय. येका माणसानं बोट दावलं न्हाई."

"कुंडलिक म्हनतो ते बरोबर हाय," भागुजी मध्येच बोलले. "पाण्याच्या नावाचा खेळ करू नये. आमी पाण्यावर गाणी म्हनली ती तळ्याच्या पाण्याची. हक्काची. त्यात गिटार नव्हती."

"हार्मोनियम तरी कुठं आपल्या गावात उगवली होती, आजोबा?" संघर्ष म्हणाला.

"वर तोंड करून बोलू नको."

"मामंजी, पोरगं खरं तेच बोललं," जानकाबाई म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सून आपल्या विरुद्ध बोलली याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं. पण त्याहून जास्त आश्चर्य मुलगा आपल्या बाजूला असल्याचं होतं. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

एक्क्याण्णव साली एका कार्यक्रमाच्या दिवशी कालवा फुटला. कुंडलिक दिवसभर वाळूची पोती रचत होता आणि कार्यक्रमाला दोन तास उशिरा पोचला. त्याच्या जागी भागुजींनी दुसराच ढोलकीवाला बसवला होता. वर माइकवरून म्हणाले होते, आमच्या पार्टीत पाटकऱ्याचं काय काम? लोक हसले. कुंडलिकने त्यानंतर ढोलकीला हात लावला नाही. आणि गेल्या दिवाळीत संघर्षने विचारलं होतं, अण्णा, ताईच्या गाण्यात तुम्ही वाजवाल का? त्यावर त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. संघर्षने जानेवारीपर्यंत वाट पाहिली, मग कॉम्प्युटरवर ताल बसवला.

फाटकाशी मोटरसायकली थांबल्याचे आवाज आले. एक, दोन, मग बरेच.

*

संघर्षने मोजले, पंधरा जण होते. पुढे सोपाननाना, टोपी मागे सरकवलेली. संघर्ष उठायच्या आत वडील उठून पायऱ्या उतरले होते.

"या नाना."

"आलोच की," सोपाननाना म्हणाले. "म्हनलं पाटकऱ्यालाच इचारावं. शुक्रवारचं पाणी खरं का खोटं?"

"खोटं."

"उठवलं कुणी?"

संघर्षला वाटलं, वडील म्हणतील, शोधतोय. तेच म्हणणं सोपं होतं.

"माझ्या घरातून गेलंय," कुंडलिक म्हणाले. "मुद्दाम न्हाई. लेकीचं गाणं हाय, त्याची जाहिरात व्हती. 'आवर्तन' गाण्याचं नाव. लोकांनी पाणी समजलं. थांबा, जरा."

त्यांनी खिशातून फोन काढला, सगळ्यांसमोर नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"साहेब, कुंडलिक बोलतोय. ती आवई माझ्या घरातून उठली."

"तुमच्या?"

"व्हय. पोरांचं गाणं हाय, साहेब. दुपारी मला ठाव असून मी बोललो न्हाई. ती माझी चूक."

"गाणं?" पलीकडचा आवाज गोंधळला. मग म्हणाला, "उद्या लेखी द्या. सगळं लेखी द्या." फोन बंद झाला.

मागून गोरख म्हणाला, "लेखीत गाण्याचे बोल पण घाला भाऊ, साहेबाला चाल तरी लावता येईल." दोघंतिघं हसले. सोपाननाना हसले नाहीत.

"मी बारा बायका सांगून बसलोय, कुंडलिकभाऊ. रोप उपटून ठेवलंय. आता गाण्यावर जगवू का कांदा?"

"माझी विहीर हाय. दोन दिस तुमी मोटर चालवा," कुंडलिक म्हणाले. "रोपापुरतं भागंल."

सोपाननानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. राग ठेवायला जागा उरली नव्हती आणि तो लगेच टाकताही येत नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "पण ज्याच्यापायी येवढं झालं ते गाणं हाय तरी कसलं? आईकवा की. का त्याला पण शुक्रवार लागतो?"

*

स्पीकर ओट्यावर आणले. बहिरू आतून वायरी ओढत बाहेर आला आणि माणसं पाहून खांबाशी उभा राहिला. यशोधराला आत जावंसं वाटत होतं. ती गेली नाही.

गाणं गिटारने सुरू झालं नाही. सुरुवातीला काहीच नव्हतं. सोपाननाना म्हणाले, "चालू झालं का?" आणि तेवढ्यात खूप लांबून, सुकं काहीतरी सरकल्यासारखा आवाज आला. कागद चुरगळावा तसा. मग पुटपुटल्यासारखा. तो वाढत गेला, एका पोकळीत शिरला, आणि त्याला एकदम खोली आली.

पंधराही माणसं स्पीकरकडे वळली. तो आवाज त्यांच्यातला प्रत्येक जण ओळखत होता आणि तो कोणीही कधी मुद्दाम ऐकला नव्हता. कोरड्या कालव्यातून येणाऱ्या पाण्याचं पहिलं तोंड. संघर्षने मागच्या आवर्तनाच्या वेळी माइक घेऊन पहाट काढली होती, ती यासाठी.

मग बहिरूची गिटार त्या पाण्यावर उतरली, आणि यशोधराचा आवाज.

*कोण येतं गं कोरड्या वाटेनं,*
*नाव सांगत नाही, थांबत नाही,*
*मी दार लावलं होतं कधीचं,*
*त्याला दाराची भाषा येत नाही…*

भागुजींचे डोळे मिटले होते. नातीचा आवाज त्यांना ठाऊक होता. घरात ती गुणगुणायची. हा तो नव्हता. हा आवाज कुठेही जोर लावत नव्हता. त्यांनी आयुष्यभर हजारांच्या गर्दीवर आवाज फेकला होता, शेवटच्या माणसापर्यंत पोचावा म्हणून. ही पोरगी जणू एकाच माणसाच्या कानाशी बोलत होती, आणि अंगणातल्या प्रत्येकाला वाटत होतं, तो मीच. असं गाता येतं? एवढ्या वर्षांत आपल्याला हे कोणी सांगितलं कसं नाही? त्यांचा हात काठीवरून खाली आला.

कुंडलिक मात्र गाणं ऐकत नव्हते. ते अजून सुरुवातीच्या पाण्यातच होते.

गाणं संपलं. लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता, तो ऐकू यायला लागला.

"अकराव्या किलोमीटरची मोरी," कुंडलिक म्हणाले.

"काय अण्णा?"

"ते पाणी. अकराव्या किलोमीटरला जी मोरी हाय, तिच्या आत शिरतंय ते. डाव्या हाताचा दगड निखळलाय तिचा, म्हनून तसा गुळगुळ आवाज येतो. दुसऱ्या कुठल्या मोरीला न्हाई येत."

संघर्ष त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याच्या फायलीचं नाव खरंच 'मोरी ११' होतं. ते त्याच्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. महागाचे माइक, तीन वर्षांचं शिक्षण, आणि हा माणूस अंगणात उभा राहून निखळलेला दगड ऐकत होता. त्याला वाटलं, आपण या घरात एवढी वर्षं राहिलो आणि हे कान आपल्या शेजारी जेवत होते.

"पस्तीस वरीस मी त्याच्या बाजूनं चालतोय," कुंडलिक म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळत नव्हतं. "सायकलवर, पायी. पाण्याच्या म्होरं म्होरं. मला वाटायचं ते मला येकट्यालाच ऐकू येतं."

सोपाननाना घसा साफ करत उठले. "पोरी," ते यशोधराला म्हणाले, "माझी म्हातारी गेली त्याला पाच वर्सं झाली. ते दाराचं काय म्हनलीस ना…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "मोटर उद्या सकाळी चालू करतो, कुंडलिकभाऊ." मोटरसायकली एकेक करून गेल्या.

*

उन्हं कलली होती. जानकाबाईंनी चहा आणला. कोणी पटकन घेतला नाही.

"त्यात ताल कोण वाजवतंय?" कुंडलिकनी विचारलं.

"कॉम्प्युटर," संघर्ष म्हणाला.

"लई बरोबर वाजवतोय."

"मग चांगलंच की."

"चांगलं न्हाई. पाणी मोरीच्या तोंडाशी थांबतं. पाचोळा, काटक्या गोळा करतं. तुमाला वाटतं अडलं. मग ढकलतं, आन् एकदम पुढं येतं. तुझं यंत्र थांबत न्हाई. सम आली की हाणतंय. समेच्या आधी श्वास घ्यावा लागतो." त्यांनी मांडीवर बोटांनी दोन ठोके दिले, थांबले, इतके थांबले की यशोधराने नकळत श्वास रोखला, आणि तिसरा दिला.

बहिरू खांबापासून सरळ झाला. "परत दाखवा ना काका," तो म्हणाला.

कुंडलिकनी दाखवलं नाही. हात मांडीवर पालथा ठेवला.

भागुजी हलले. काठी फरशीवर आपटली, मग पुन्हा शांत धरली.

"त्या दिशी तुझ्या जागी मी ज्याला बसवला," ते मुलाकडे न पाहता म्हणाले, "तो बेताल वाजवत व्हता. अख्खा कार्यक्रम. मी गात व्हतो आन् मला कळत व्हतं."

चौतीस वर्षांत त्या दिवसाचं नाव कोणी काढलं नव्हतं. जानकाबाई चहाचा ट्रे धरून उभ्याच राहिल्या.

"तेव्हा का न्हाई बोलला, बाबा?"

"माइक चालू व्हता," भागुजी म्हणाले. "आन् नंतर बंद झाला, तर जीभ उचलंना."

कुंडलिकनी ट्रेमधून चहा घेतला. मग संघर्षकडे वळले.

"आता त्यात ढोलकी घालायची म्हनलं, तर काय करावं लागतं?"

संघर्षने बहिणीकडे पाहिलं. तो सावकाश, मोजून बोलला. "आहे ते मागे घ्यावं लागेल. नवीन करून पुन्हा पाठवायचं. तीन आठवडे. शुक्रवार जाईल. ती यादी पण जाईल, पुन्हा मिळेल याची खात्री नाही."

"आन् तू? आवाज तुझा हाय," कुंडलिकनी यशोधराला विचारलं.

ते शुक्रवारचे लाख लोक यशोधराच्या डोळ्यांसमोर होते. पहिल्यांदाच तिचं नाव वाचणार होते. तिला ते हवं होतं. हवं नव्हतं असं म्हणणं खोटं झालं असतं.

"मला शुक्रवार हवा होता, अण्णा," ती म्हणाली. "पण आता तो ठोका ऐकला. यापुढे त्याच्याशिवाय ते गाणं मला अपुरं ऐकू येईल."

कुंडलिक उठले. पायातले बूट काढले, एकावर एक नीट ठेवले. दिवाळीपासून सगळ्या घराने ज्या उत्तराची वाट पाहिली होती, ते देताना त्यांचा आवाज पाण्याची वेळ सांगतानाचा होता, साधा आणि स्पष्ट.

"शुक्रवार जाऊ दे," ते म्हणाले. "मी वाजवणार हाय."